पाणक्याला पश्चात्ताप झाला नाही

त्या जर्मन माणसाने अकरा वर्षं व्यावसायिक सायकलपटू म्हणून काढली आणि एकही शर्यत जिंकली नाही. जिंकणं हे त्याचं कामच नव्हतं. संघात एक नायक असतो. बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात आणि मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात. अशा गड्यासाठी जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ पाणी वाहणारा. मराठीत शब्द शोधावा लागला नाही. पाणक्या.

२००६ साली तो अमेरिकेत, चँडलर नावाच्या गावातल्या एका सायकलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होता. माझा नवरा तिथेच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीला बंदी. त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा विभागात मी आठ वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याची सायकल आणायला गेले आणि या माणसाची ओळख झाली. तेव्हा मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक लेख गोळा करत होते. त्यांना सगळे काका म्हणत. मी म्हटलं, याच्यावर लिहिते. अट एकच घातली. लेखावर माझं नाव हवं, लग्नाआधीचं, ज्या नावाने माझं लिखाण छापून येत असे.

"अगं, हे काय सांगायला हवं?" काका म्हणाले.

चार शनिवार सकाळी मी त्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसले. त्याची बायको आत-बाहेर करत असे आणि तो इंग्रजीत, एकेक शब्द तपासून बोलत असे. एका वर्षी शर्यतीचा एक टप्पा त्याच्या गावात संपणार होता. नायकाने त्याला शब्द दिला होता, तो दिवस तुझा. शेवटच्या शंभर मीटरपर्यंत तो पुढे होता, कठड्याला त्याची आई उभी होती. नायक त्याच्या मागच्या आडोशातून बाहेर पडला आणि त्याला ओलांडून जिंकला. संध्याकाळी जेवताना नायक म्हणाला, "टाळ्या तर तुलाच मिळाल्या ना?"

पुढच्या उन्हाळ्यात एका डोंगरी टप्प्यावर त्याच नायकाचं पाणी संपलं. कानातल्या रेडिओवर तो पाणी मागत राहिला. याने गाडीपाशी जाऊन आठ बाटल्या घेतल्या, जर्सीत पुढे-मागे कोंबल्या आणि चढाला लागला. वाटेत जो भेटेल त्याला एकेक देत गेला. सगळे दुसऱ्या संघांचे. शेवटची स्वतः प्यायला. नायक त्या चढावर मागे पडला आणि शर्यत हरला. वर्षअखेरीला याचा करार संपला, पुन्हा झाला नाही. मग अमेरिकेतल्या एका लहान संघाकडून दोन मोसम आणि त्यानंतर हे दुकान.

"पश्चात्ताप होतो?" मी विचारलं.

"पाणी गार होतं," तो म्हणाला.

लेखाचं शेवटचं वाक्य तेच होतं.

अंक आला. लेखावर काकांचं नाव होतं. तळाशी बारीक अक्षरात 'साहाय्य' आणि पुढे सौ. लावून नवऱ्याचं नाव, आडनाव. पाणक्याचा जलवाहक झाला होता. शेवटी एक नवा परिच्छेद होता: बोलता बोलता त्याचे डोळे पाणावले, क्षमा हाच खरा विजय हे त्याला उमगले.

मी फोन केला.

"तुझ्याच भल्यासाठी गं," काका म्हणाले. "डिपेंडंट व्हिसावर काम केलं असं दिसायला नको. उद्या कोणी ऑब्जेक्शन घेतलं तर?"

"आणि तो रडला कधी?"

"दिवाळी आहे. एंड जरा पॉझिटिव्ह नको का? बरं, प्रकाशनाला त्याला घेऊन ये. शाल-श्रीफळ देऊ. त्याला मराठी थोडंच कळतंय?"

मी बरं म्हटलं. राग दाखवला की समोरचा सावध होतो.

समारंभ एका शाळेच्या सभागृहात होता. जर्मन पाहुणा पहिल्या रांगेत बसला, मी त्याच्या शेजारी. काका लेख वाचू लागले. मी खालच्या आवाजात भाषांतर करत गेले, वाक्याला वाक्य. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. 'मी त्याला विचारले' असं काकांनी वाचलं, तेही मी जसंच्या तसं सांगितलं. डोळे पाणावल्याचं वाक्य त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मग तो उभा राहिला.

"सर, आपण कधी भेटलो?" त्याने इंग्रजीत विचारलं.

काका हसले. "ॲक्चुअली, या लेडीने मला थोडी हेल्प..."

"मी तिच्याशी बोललो. माझ्या घरी. तुम्ही नव्हता. आणि मी रडलो नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "यार, हे भेटलेच नव्हते त्याला?" दोघं-तिघं हसले. शाल अध्यक्षांच्या हातात तशीच राहिली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते सगळं मी नीट पाहून घेतलं.

गाडीत नवरा म्हणाला, "त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

"फोनवर सांगितलं होतं," मी म्हटलं.

आठवड्याने काकांचा फोन आला. मंडळाच्या पुढच्या वार्तापत्रात दुरुस्ती छापायची होती. "मजकूर तूच पाठव. म्हणशील तसं टाकतो."

मी चार वाक्यं पाठवली. लेख कोणाचा, ते पहिल्यात, माझ्या नावानिशी. मूळ शब्द कोणता, ते दुसऱ्यात. शेवटचा परिच्छेद काल्पनिक आहे, ते तिसऱ्यात. संपादक या खेळाडूला कधीही भेटले नव्हते, ते चौथ्यात.

तासाभरात पुन्हा फोन. "ते चौथं काढ ना. वीस वर्षं मंडळाचं करतोय मी. पोरांसमोर बरं दिसत नाही."

"वाक्य चूक आहे का, काका?"

"चूक नाही, पण..."

"मग राहू द्या," मी म्हटलं, आणि चारही वाक्यं पहिल्या पानावर हवीत, असं सांगून फोन ठेवला.