तळाच्या चार ओळी

माझे धाकटे दीर वर्तमानपत्राच्या छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं खणांतून वेचायची आणि एकेक ओळ जुळवायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. मी चौथी शिकलेली, पण रविवारची पुरवणी सोडत नसे. भावजींच्या हातची होती ना!

पुरवणीतल्या कथा-कविता सगळ्या रडक्या. एकदा मी म्हटलं, "भावजी, ही वाचायची की दोरीवर वाळत घालायची?" पुढच्या रविवारी एक कविता आखूड पडली, तळाला चार ओळींची जागा उरली. तिथे छापलेलं: 'वरील कवितेत तिसऱ्यांदा अश्रूंचा पूर आला आहे. वाचकांनी पुरवणी वाळवून मगच पान उलटावं.'

"अहो, संपादक हाकलतील!"

"वाचलं त्यांनी. हसले. म्हणाले, भरत जा जागा."

तेव्हापासून तळाची जागा भावजींची. लोक पुरवणी खालून वर वाचायला लागले. घरात बोलायला काय लागतं, मी दिवसभर बोलते. ते चार ओळींत बसवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

आता पुरवणीला पन्नास वर्षं झाली म्हणून जाडजूड पुस्तक निघालं. भावजींची नजर गेलेली. "वहिनी, बघा हो, माझं नाव आहे का?" मी ओळीखाली बोट धरून वाचलं: 'पुरवणीत विनोद आणला तो संपादकांनी. तळाचे चुटके त्यांच्याच लेखणीचे.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजी नुसतं "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत. आताचे संपादक माझ्या नातवाच्या वयाचे. "आजी, ते कोणी लिहिलं याची नोंदच नाही."

"आहे. जुने अंक काढा."

भावजींचा हात मोडला होता, त्या सालचे काढायला लावले. सहा रविवार तळाला नुसती वेलबुट्टी! "वर तुमच्या थोर संपादकांचा लेख आहे, चांगला ठणठणीत. मग सहा आठवडे विनोद काय प्लास्टरमध्ये होता?"

पोरगं ते सहा अंक पुन्हा एकेक करून चाळायला लागलं. पुढच्या रविवारी खुलासा आला, भावजींच्या नावानिशी. कुठे? एका कवितेखाली, तळाला! मी चिडले. "खोटं पुस्तकात, आणि खरं एवढ्याशा कोपऱ्यात!"

भावजींनी तो दोनदा वाचायला लावला. "किती ओळी आहेत?"

"पाच."

"एक जास्त झाली. मी चारांत बसवला असता." आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

त्यांनी हसावं. मला नाही येत हसू. पुस्तक अजून तसंच विकलं जातंय. आमच्या प्रतीतल्या त्या ओळी मी पेनाने खोडून वर भावजींचं नाव लिहिलंय, वाकड्यातिकड्या अक्षरांत. वाचनालयातल्या प्रतीतही. तिथल्या बाईंनी हटकलं, "आजी, पुस्तक खराब करू नका."

म्हटलं, "बाई, खराब तर छापणाऱ्यांनी केलंय. मी दुरुस्त करतेय."