कासिनेमची विलापाची चाल

जावाच्या किनाऱ्याजवळच्या नुसा गेबांगवर जन्मलेल्या माणसाला आपण तुरुंगाच्या बेटावर जन्मलो हे बरेच उशिरा कळते. कासिनेमला ते पलीकडच्या काठावरच्या शाळेत कळले, शेजारच्या मुलीने आपली पाटी तिच्यापासून दूर सरकवली तेव्हा. तोवर तिच्या लेखी बेट म्हणजे पहारेकऱ्यांच्या घरांची रांग, परसातली पपई आणि संध्याकाळी कैद्यांच्या मोजणीची घंटा. ती वाजली की घरोघर चुलीवर भात चढे. घंटा थांबायचे नाव घेत नसेल तर कोणीतरी पळाले असे समजावे आणि केळीच्या पानात भाताची एक मूद बांधून मागच्या भिंतीवर ठेवावी, अशी तिथली रीत होती. पळालेला भुकेला असतो. तो भिंतीवरच जेवला तर स्वयंपाकघरात शिरत नाही. या रीतीला कोणी दया म्हणत नसे आणि भीतीही म्हणत नसे.

वडील पहारेकरी, पुढे नवराही पहारेकरी. नवरा गेल्यावर कासिनेमने धक्क्यावर खानावळ काढली. कैद्यांना भेटायला आलेल्या बायका परतीच्या बोटीची वाट पाहत तिच्याकडे गरम तळलेले तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, खात आणि रडत. तिखट हवे की नको, एवढेच ती विचारी.

तुरुंगाच्या कचेरीने रांगेतली घरे रिकामी करायचे ठरवले, तेव्हा तिच्या पायाखालची वाळू सरकली. नव्या पहारेकऱ्यांची राहण्याची सोय तुरुंगाच्या आवारातच झाली होती. विधवेचा त्या घरावर कसलाच हक्क नव्हता. शेवटचा शब्द वरिष्ठ अधिकारी पाक हेंद्रार्तो यांचा होता आणि ते काव्यशिबिराच्या समारोपाला येणार होते.

हे शिबिर दरवर्षी भरे. राजधानीतून कवी येत, तुरुंगाच्या भिंतीला हात लावून डोळे मिटत आणि दुपारपर्यंत कविता तयार होई. बेट त्यांच्या कवितेत कधी समुद्राच्या गळ्यातला फास असे, कधी देवाने पाठ फिरवलेली जमीन. कवितांत आक्रोश फार असे, त्यामानाने जेवणेही भरपूर होत. स्वयंपाक कासिनेमकडे असल्यामुळे दोन्हींचा अंदाज तिला होता. त्या वर्षी शिबिर चालवणाऱ्या अर्लिना नावाच्या तरुण कवयित्रीला 'इथला आवाज' हवा होता. कासिनेम लग्नकार्यांत माचापात, म्हणजे जावाची जुनी पदे, गाते, जुन्या चालींवर स्वतःचे शब्द बांधते, हे कोणीतरी तिच्या कानावर घातले.

"बू कासिनेम, तुम्ही गायचंच. मनात असेल ते."

"मनात भाजीचं मीठ आहे, म्बाक. पण गाईन."

त्या संध्याकाळी शेजारचा म्हातारा सारकुन खानावळीत येऊन बसला. तो निवृत्त पहारेकरी होता; तिला 'यू', म्हणजे ताई, म्हणे आणि ती त्याला 'लिक', म्हणजे काका. रांगेत आता त्याचे आणि तिचे अशी दोनच घरे नांदती उरली होती.

"कोणती चाल घेतेस, यू?"

"मेगत्रुह."

सारकुनच्या हातातला पेला थांबला. ती विलापाची चाल. जीव सुटतो तेव्हाची. "अगं, घर राहू दे म्हणून गाणार की घराला खांदा द्यायला? गोड चालीत गा. साहेब खूश होईल."

"गोड चालीत कुणीही कशाचंही कौतुक करतं, लिक. मेगत्रुह आपण कशाला गातो? ज्याच्यावाचून जगणं होत नाही, त्यालाच ना? नकोशा वस्तूसाठी कुणी हा गळा काढतं का?"

"आपण नाही काढत. साहेबाचं काय सांगावं?"

"साहेब जावाचाच आहे की! कान असतीलच त्याला."

समारोपाला ती नवी कबाया घालून उभी राहिली. शब्द साधे होते:

*पपईला यंदा फळ धरलंय मागच्या दारी,*
*घंटा झाली, भात चढला,*
*भिंतीवर एक मूद ठेवली, कुणी आलाच तर;*
*माझ्या घराची किल्ली अजून माझ्या कमरेला.*

सारकुन शेवटच्या रांगेत बसून डोळे पुसत होता. पाक हेंद्रार्तोही डोळे पुसत होते. अर्लिना तर हुंदके देत होती. कासिनेमला वाटले, आपण जिंकलो.

हेंद्रार्तो ध्वनिक्षेपकापाशी आले. "बंधूंनो, आजवर मी इथे फक्त कैदी पाहिले," ते म्हणाले. "पण कमरेला किल्ली बांधून जन्म काढणारी ही माउली! हिला या नरकात कुणी डांबलं? आम्हीच. ही चूक मी आणखी लांबवणार नाही. या दोन्ही कुटुंबांना पलीकडे चांगलं घर मिळेल, याच महिन्यात."

टाळ्या थांबेनात. त्यात कासिनेमचा "अहो साहेब, ऐका तरी" बुडाला. अर्लिनाने तिला घट्ट मिठी मारली. "सुटलात, बू!"

"खांदा दिलास," सारकुन तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "आणि तोही सुरात."

साहेबांनी शब्द पाळला. पलीकडच्या वसाहतीतले घर खरोखर चांगले निघाले; नळाला पाणी होते, छप्पर गळत नव्हते. परसदार मात्र नव्हते, त्यामुळे मागची भिंतही नव्हती. बेटाच्या धक्क्यावर तिच्या ओळी काळ्या दगडात कोरल्या गेल्या. चाल दगडात कोरता येत नाही. त्यामुळे दोष चालीचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा, हे आता दगड सांगू शकत नाही.

पुढच्या शिबिराला अर्लिनाने तिला मानाने बोलावले. बोटीवर चढताना पहारेकऱ्याने बेटावर उतरण्याचा परवाना मागितला आणि तिच्या छातीवर बिल्ला लावला: पाहुणी, बाहेरून. उतरताच ती आपल्या घराकडे गेली. दाराला कचेरीचे कुलूप होते. तिने कमरेची जुनी किल्ली त्याला लावून पाहिली नाही. वळसा घालून ती मागे गेली. पपई पिकून पक्ष्यांनी टोचली होती. तिने एक फळ उतरवले आणि तिथेच कट्ट्यावर बसली.

तेवढ्यात संध्याकाळची घंटा वाजू लागली. शिबिरातला कोणी नवखा कवी भिंतीपलीकडून जात होता. तो थबकला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, ऐकलंत? किती भयाण!"

कासिनेमने त्याचा बिल्ला पाहिला. तिच्यासारखाच होता.

"भाताची वेळ झाली," ती म्हणाली, आणि अर्धी पपई भिंतीवर त्याच्यासाठी ठेवली.