अर्धा शिकवलेला शब्द

दोन हजार चोवीस सालचा उन्हाळा. मार्च सरत आला होता आणि बेंगळुरात पाणी नव्हतं. कोरमंगलातल्या आमच्या इमारतीत टँकर दिवसाआड यायचा. कंपन्यांनी माणसांना घरूनच काम करायला सांगितलं. चौथ्या मजल्यावर मी एकटा उरलो, कारण फोन उचलायला कुणीतरी हवं.

रिकाम्या ऑफिसात किस्से आठवतात. असिस्टंटकडे फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायली दर वर्षी रद्दीत जातात. किस्से कुणी नेत नाही.

मी मानोजीराव जाधव. आमचं घराणं चार पिढ्या इथलं. शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. मराठी आईने शिकवली. अटेंडर, म्हणजे शिपाई म्हणून लागलो आणि एमडी साहेबांचा असिस्टंट झालो. कुणाच्या ओळखीने नाही. हे मी सगळ्यांना सांगायचो. जरा जास्तच सांगायचो.

* * *

इमारतीखाली कॉफीचा स्टॉल आहे. चार वाजता सगळ्या मजल्यांचे असिस्टंट तिथे जमतात आणि बाय-टू घेतात. म्हणजे एक कॉफी, दोन ग्लास.

मी कधी बाय-टू घेतली नाही. पूर्ण कॉफी, एकट्याने, खांबाजवळ उभा राहून. अर्धी कॉफी पिण्याइतकी वाईट वेळ माझ्यावर आली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर सरोजा होती. वय पन्नाशीचं, हातात कायम स्टीलचा डबा. बोलायची कन्नडात, मी इथे मराठीत लिहितो. एकदा ती खांबापर्यंत आली.

"अण्णा, बाय-टूमध्ये कॉफी अर्धी मिळते. बातमी पूर्ण मिळते."

"मला बातम्या नकोत."

"सरी. बरं," म्हणाली आणि परत गेली.

त्याच आठवड्यात इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद राहणार होती. मला सोडून सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. आमच्या साहेबांचे गुडघे दुखायचे. मी त्यांना चार मजले चढवत आणलं.

* * *

तिसऱ्या मजल्यावर नागपूरची प्रांजली आली. एक्झिक्युटिव्ह असिस्टंट. पहिल्याच दिवशी स्टॉलवर सगळ्यांना कार्ड वाटलं, कॉफीवाल्यालासुद्धा.

"हे काय?" मी विचारलं.

"नेटवर्किंग करून राहिले ना, काका."

व्हाइटफील्डच्या एका हॉटेलात असिस्टंट लोकांचं संमेलन होतं. प्रांजली फी भरून गेली. शंभर कार्डं वाटून आली. आठवड्याभरात तीन फोन आले. तिन्ही विमावाल्यांचे.

सरोजाकडे कार्ड नव्हतं. पण एकदा तिचे साहेब सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकले आणि मीटिंग इलेक्ट्रॉनिक सिटीत. सरोजाने तिकडच्या असिस्टंटला फोन केला. "अक्का, स्वल्प बघा ना." तिकडच्या अक्कांनी आपल्या साहेबांसमोर गरम उप्पिट्टू नेऊन ठेवलं. उप्पिट्टू म्हणजे आपला उपमा. माणूस ते अर्धवट टाकून उठत नाही.

वीस मिनिटांनी दोघे साहेब भेटले. दोघांनीही उशीर झाला म्हणून एकमेकांची माफी मागितली!

प्रांजलीने उरलेली कार्डं पर्समध्ये ठेवली आणि सरोजाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

* * *

आमच्यात फोनवर कुणाचं नाव नसतं. सेकंड फ्लोअर, थर्ड फ्लोअर, राव सरांचा माणूस, असंच. मला ते खपायचं नाही. "माझं नाव मानोजीराव," असं मी प्रत्येकाला बजावलं होतं.

एकदा लिफ्टमध्ये प्रांजली शेजारी होती. मी तिला पाहिलं नव्हतं, म्हणून तिलाच फोन लावला. तिच्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, "नो काका".

ती लाल झाली. "काका, ते असंच... तुम्ही कशालाही नो म्हणता म्हणून..."

मी चौथा मजला येईपर्यंत दाराकडे बघत राहिलो. नाव बरोबर होतं. पण तेव्हा तसं म्हणालो नाही.

* * *

एकदा बोर्डाच्या मीटिंगआधी आमचा प्रोजेक्टर बंद पडला. दुसऱ्या मजल्यावर दोन होते. मी गेलो नाही. साहेबांनी आकडे तोंडाने सांगितले, दोन विसरले, पाहुण्यांसमोर चाचरले.

संध्याकाळी सरोजा म्हणाली, "मागितला असता तर दिला असता."

"ठाऊक आहे. म्हणूनच नाही मागितला."

तिने डबा उचलला आणि गेली. मला वाटलं, जिंकलो.

* * *

आता परवाचं सांगतो.

सरोजाच्या साहेबांचं पुण्याच्या एका कारखानदाराशी काम सुरू झालं. ते गृहस्थ वयस्कर होते, मराठीतच बोलायचे. सरोजाने मराठी शिकायचं ठरवलं. रोज एक शब्द विचारायची. मी खांबाजवळूनच उत्तर द्यायचो.

"अण्णा, नाडिद्दु म्हणजे मराठीत काय?"

"परवा."

कन्नडात दोन शब्द आहेत. येणार तो नाडिद्दु, होऊन गेला तो मोन्ने. मराठीत दोन्हीला परवाच. मला हे ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी कॉफी पीत होतो.

पुढच्या महिन्यात पुण्याचे गृहस्थ सह्या करायला येणार होते. आदल्या दिवशी त्यांनी फोन केला. सरोजाने पहिल्यांदाच मराठीत उत्तर दिलं. साहेबांना घाई आहे, हे त्यांना कळावं म्हणून म्हणाली, "साहेब परवा दुबईला."

"असं का? बरं बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं, साहेब गेलेसुद्धा. त्यांनी तिकीट रद्द केलं. दुसऱ्या दिवशी सरोजाचे साहेब संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले. मग दुबईला गेले. ते परत येईपर्यंत पुण्याचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं.

पुण्याला फोन केल्यावर साहेबांना परवाचा घोळ कळला. त्यांनी सरोजाला केबिनमध्ये बोलावलं. मी त्याच वेळी एक फाइल द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो. दार उघडं होतं.

"हा शब्द कुणी शिकवला तुम्हाला?"

सरोजाने मला पाहिलं. नक्की पाहिलं.

"माझी मीच शिकले, सर."

मी फाइल टेबलावर ठेवली आणि निघून आलो.

चार वाजता ती खांबाजवळ आली. "अण्णा, तुमच्या भाषेतला परवा फार लबाड आहे हो." आणि हसली. मी म्हणालो, "भाषा नीट शिकायला हवी."

असं मी म्हणालो.

त्यानंतर तिने मराठी शब्द विचारले नाहीत.

* * *

पाणीटंचाईच्या या उन्हाळ्यात सरोजाची कंपनी व्हाइटफील्डला हलली. सगळ्यांना नेलं, तिला नाही. नवरा नव्हता, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पगार बंद झाला तर मुलीचं शिक्षण बंद, इतकं सरळ होतं.

सरोजाला काम हवंय, असं प्रांजलीने असिस्टंट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तासाभरात सात ऑफिसांतून फोन आले. बाय-टूवाले सगळे. सात ठिकाणी सरोजा गेली. सातही ठिकाणच्या साहेबांनी तिच्या जुन्या साहेबांना विचारलं आणि एकच उत्तर मिळालं. "बाई चांगल्या आहेत. पण तारखांत घोळ करतात."

असिस्टंटबद्दल याहून वाईट बोलता येत नाही.

प्रांजली चौथ्या मजल्यावर आली. रडवेली झाली होती. "काका, अक्कांनी तारखांत घोळ केला, हे तुम्हाला तरी पटते का?"

मी म्हणालो, "मला काम आहे."

काम नव्हतं. ऑफिस रिकामं होतं.

* * *

मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. साहेबांनी बोलावलं.

"मानोजी, तुमच्या जागी कुणाला घेऊ? खालच्या त्या सरोजाचं नाव आलंय. पण ती तारखा चुकते म्हणे. तुम्ही बावीस वर्षांत एक तारीख चुकला नाहीत. तुम्हीच सांगा, घेऊ की नको?"

"साहेब, चूक तिची नव्हती."

"मग?"

"तिची तारीख चुकली ती परवा या शब्दाने. तो मी शिकवला होता. अर्धाच शिकवला. तिने माझं नाव घेतलं नाही. मी दारात उभा होतो."

साहेबांनी चष्मा काढला. "तेव्हा का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटते."

मी म्हणालो, "साहेब, माझ्यासाठी एक काम करा. तिच्या जुन्या साहेबांना फोन लावून द्या."

बावीस वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी स्वतः नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, उभ्याने.

पलीकडून तिचे जुने साहेब म्हणाले, "मी तिला तीनदा विचारलं होतं. तीनदा."

"होय, सर."

"आता कुणी विचारलं तर काय सांगू?"

"खरं सांगा. माझ्या नावासकट."

सोमवारी नऊ वाजता सरोजा चौथ्या मजल्यावर आली. मी माझ्या खुर्चीतून उठलो. ती बसली.