आधी वाजलेला बीप

भोर तालुक्यातल्या त्या मशीनबद्दल मी आजवर भरपूर बोललोय. कॉलेजांत बोललोय, ऑफिसातल्या नव्या मुलांपुढे बोललोय. ‘बीप सगळ्यात शेवटी वाजला पाहिजे, हे मी गावात शिकलो,’ असं म्हटलं की टाळ्याही पडतात. पण कसं शिकलो, तो भाग मी दरवेळी गाळतो. बायकोलाही तो ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी दुकानात पैसे घेणारं मशीन बनवत होतो. कार्ड आत घालायचं नाही, घासायचं नाही – नुसतं टेकवायचं. आज याचं कुणाला काही वाटणार नाही, तेव्हा लोक गोळा होऊन बघायचे. सारोळ्याहून आत, भोंगवलीच्या बाजूच्या एका गावात आम्ही ते पहिल्यांदा लावलं. दुधाचे पैसे कार्डावर जमा व्हायचे आणि गावातल्या एकाच दुकानात ते कार्ड चालायचं. दुकान हमीदाभाभींचं.

मशीनवर लक्ष ठेवायला मी तिथेच राहत होतो. दुकानामागची खोली भाभींनीच दिली होती. त्यांचा नवरा टेम्पो घेऊन सदा हायवेवर. मला गावात ओळखीचं कुणी नाही, आणि मी तसाही माणसांत रमणारा नव्हेच – तारांशी गप्पा मारणारा! पण संध्याकाळी दुकान आवरताना भाभी दाराशी येऊन विचारायच्या, “जेवला का, भाऊ?” बस, एवढंच. काम सोडून माझ्याशी कुणी बोललेलं दिवसभरातलं ते एकच वाक्य असायचं. मी त्याची वाट बघायचो. हे सांगायला आज लाज वाटत नाही. पुढचं सांगायला वाटते.

थोडं मशीनबद्दल सांगायला हवं. टाळाटाळ करतोय असं वाटेल – पण नाही, सगळं त्यातच आहे. कार्ड टेकवलं की मशीन आधी ते ओळखतं, मग पैसे कापतं, मग कापल्याची खात्री करून घेतं. तोवर कार्ड हलता कामा नये. आमचं मशीन फार संथ होतं. कंपनीतले साहेब कुरकुरायचे, लोक कंटाळतील म्हणायचे. मग मी काय केलं? वेग वाढवणं जमेना, तर बीपच अलीकडे ओढला. कार्ड ओळखलं रे ओळखलं की बीप! पैसे मागाहून कापले जायचे. साहेब खूश झाले, माझी पाठ थोपटली. मीही फुशारलो.

आता सांगा, बीप वाजल्यावर माणूस काय करतो? कार्ड उचलतो. तुम्हीही उचलाल. पुण्यात टेबलाशी बसून आम्ही कार्ड सावकाश धरायचो, म्हणून कधी कळलं नाही. दुकानात एका हातात तेलाची किटली असते, कडेवर पोर असतं. म्हणून लोक कार्ड भाभींच्याच हातात द्यायचे आणि बीप वाजला की त्या ते उचलायच्या. पैसे कापले गेलेले असायचे, खात्री मात्र झालेली नसायची. मग मशीन पडद्यावर लिहायचं – ‘पुन्हा लावा’. भाभी म्हणायच्या, “परत लावते, मावशी.” आणि पैसे दुसऱ्यांदा कापले जायचे. दोन्ही वेळचे भाभींच्या खात्यात.

कार्डावरचे पैसे लवकर सरतात, अशी कुजबुज सुरू झाली. मग भाभी मुद्दाम कार्ड परत लावतात, असं लोक उघड बोलू लागले. एका दुपारी मी मशीन खोलीत आणून तपासलं. आणि कळलं. लगेच कळलं – आपल्याच हातची चूक ओळखायला कितीसा वेळ लागतो?

सांगायचं होतं मला. खरंच. पण पुढच्याच आठवड्यात, मशीन घ्यायचं का ते ठरवायला, एका बँकेची मोठी माणसं येणार होती. साहेबांना फोन करायला म्हणून सारोळ्यापर्यंत गेलो, बूथसमोर चहा प्यायलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या ओट्यावर माणसं जमली. भाभींना बोलावलं, मलाही. दूध मोजून घेणारे तात्या वयानं सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, “साहेब, तुमी बनवलंय, तुमीच सांगा. मशीन दोनदा पैसं कापतं का?”

मी म्हणालो, “कार्ड नीट धरलं तर नाही कापत.”

बघा – यात एक तरी शब्द खोटा आहे का? सगळ्या माना भाभींकडे वळल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मग माझंच चुकत आसंल. मशीन कशाला खोटं बोलंल?”

ज्यांनी मागितले त्यांना त्यांनी पैसे परत दिले. पण गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. लोक मिठाच्या पुडीसाठीसुद्धा हायवेपर्यंत जाऊ लागले. आणि भाभी? त्या संध्याकाळीही दाराशी आल्या. “जेवला का, भाऊ?” मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

बँकेची माणसं आली, तेव्हा काउंटरवर मीच उभा राहिलो. आज तुम्ही बाजूला थांबा, असं भाभींना सांगितलं. त्यांना ते पटलंही! प्रत्येकाचं कार्ड मी स्वतःच्या हातानं दाबून धरलं. पाहुणे खूश होऊन गेले. पुण्याला परतल्यावर मी गुपचूप बीप शेवटी नेला. काम अर्ध्या दिवसाचंही नव्हतं.

काही वर्षांनी भोरच्या एसटी स्टँडवर भाभींनीच मला ओळखलं. दुकान केव्हाच बंद झालं होतं. आता भोरमध्ये ब्लाऊज शिवत होत्या. “किती वाळलाय, भाऊ! जेवता का न्हाई?” म्हणाल्या. मग जरा चाचरत विचारलं, “ते मशीन आता नीट चालतं का वो?”

“हो. आता नीट चालतं.”

“बरं झालं. माझा हातच धांदरट. लेक म्हनती शिलाईच्या मशीनला मोटर लावू, म्या नगं म्हणलं. पायानंच चालवते. परत काय चुकलं तर?”

तिथे आम्ही दोघंच होतो. ना साहेब, ना बँक, ना तात्या. कुणाला घाबरत होतो मी? माझी गाडी अजून लागलेली नव्हती, तरी गाडी लागली म्हणालो आणि उठलो.

हमीदाभाभींचा हात कधीच चुकला नव्हता. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. त्यांना अजूनही ठाऊक नाही.