जिथे साहेबांनी चांदीचे काटे-चमचे ओढत नेले

कॅनडातल्या किचनर शहरातले आमचे मित्र उन्हाळ्यात बॅन्फला जातात, फार तर न्यूफाउंडलंडला. मी सुजाताला म्हटलं, “आपण उपाशी मेलेल्या इंग्रजांच्या वाटेवर जाऊ.”

“काहून?” ती म्हणाली. सुजाता वर्ध्याची आहे. नवऱ्याचं डोकं फिरल्याचा संशय आला की तिच्या बोलण्यात वर्धा उतरते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश आरमाराची दोन जहाजं कॅनडाच्या उत्तर टोकावरून आशियाचा जवळचा रस्ता शोधायला निघाली. आपल्या बाजूला यायची त्यांना घाईच फार. जहाजं बर्फात अडकली, तेव्हा उरलेले लोक पायी निघाले आणि ओढायच्या नावेत चांदीचे काटे-चमचे, पुस्तकं, सुवासिक साबण आणि सपाता भरून घेतल्या. एकही जण घरी पोचला नाही. या सामानाच्या यादीवर मी महिनाभर हसत होतो. हसत हसतच मी आपण कुठे आहोत हे सॅटेलाइटवरून कळवणारं यंत्र, दोन वेदर अ‍ॅप, कॅमेऱ्याच्या तीन लेन्स आणि खिसेच खिसे असलेलं जॅकेट गोळा केलं. सुजाताने स्वेटर घेतला आणि जवसाची चटणी.

एडमंटन, यलोनाइफ आणि मग छोट्या विमानाने जोआ हेवन. धावपट्टी खडीची. ऑगस्टमध्येही वारा कानशिलात मारावा तसा लागत होता. आमची वाटाड्या मार्था न्यायला आली होती. साठीची, बुटकी, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“चार.”

“धुकं आलं तर आठ,” ती म्हणाली आणि माझी सगळ्यात जड बॅग उचलून चालू लागली.

गावाचं मूळ नाव उक्सुक्टूक (भरपूर चरबीचं ठिकाण). सील, मासे, कॅरिबू, सगळं आसपास. साहेब उपाशी मेले ते अशा गावाच्या मुलखात.

मार्थाच्या स्वयंपाकघरात पिफ्फी (‘चार’ नावाचा वाळवलेला मासा) आणि बॅनॉक (तव्यावरची जाड भाकरी) खायला मिळाली. सुजाताने चटणीचा डबा उघडला. मार्थाने माशाला चटणी लावून खाल्ली, डोळे पुसले आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला.

मग ती सांगू लागली. तिच्या पणजीच्या आधीच्या बायकांनी ते गोरे पाहिले होते. तोंडं काळवंडलेली, नाव ओढत चाललेले. जहाज कुठे बुडालं तेही लोकांना माहीत होतं. शोधायला आलेल्या साहेबांना त्यांनी ते सांगितलंही. साहेबांनी लिहून घेतलं. पण भुकेपोटी त्या खलाशांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, हे ऐकल्यावर तिकडे लंडनमध्ये ठरलं की हे इनुइट (इथले मूळ रहिवासी) खोटारडे आहेत.

“मग एवढ्या वर्षांनी जहाज सापडलं कुठे?” मी विचारलं.

“आमचे लोक सांगत होते तिथेच.” तिने आणखी एक तुकडा चटणीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी दोन फोर-व्हीलरवरून (चार जाड चाकांच्या उघड्या मोटारसायकलींवरून) आम्ही किनाऱ्याने निघालो. झाड म्हणून नाही. करडी खडी, शेवाळ, उथळ तळी आणि वर खूप आकाश. निघताना मार्थाने दोनच गोष्टी सांगितल्या: अस्वल दिसलं तर माझ्या मागे या, आणि हरवलात तर हलू नका.

तीन तासांनी ती थांबली. काही खलाशांचा इथे शेवट झाला असं मानतात. पाहायला काय, तर जमिनीत रुतलेले थोडे दगड. खरं सांगायचं तर माझा विरस झाला. एवढ्या लांब येऊन फोटोत काय दाखवायचं?

समोरच्या उंचवट्यावर दगडांची एक रास दिसत होती. मी कॅमेरा काढला, तेवढ्यात मार्था म्हणाली, “निघू या. धुकं येतंय.”

मी आकाशाकडे पाहिलं. निळंशार. सकाळी डाउनलोड केलेला अंदाज पाहिला. दोन्ही अ‍ॅपमध्ये सूर्य.

“क्लिअर आहे,” मी म्हणालो. “दहा मिनिटांत आलो.”

“ती म्हणते ना!” सुजाता ओरडली. मी हात हलवला आणि निघालो.

झाडं नसली की अंतर कळत नाही. दहा मिनिटांची ती रास पंचवीस मिनिटांनी आली. तिथे तीन फोटो काढले आणि वळून पाहिलं तर समुद्र नव्हता. मग जमीनही नाहीशी झाली. स्वतःचे बूट तेवढे दिसत होते.

सॅटेलाइटचं यंत्र जड होतं म्हणून मी ते बॅगेत ठेवलं होतं आणि बॅग होती फोर-व्हीलरवर. बॅग कुठे आहे हे जगाला अचूक कळत होतं.

मी चालत राहिलो. हाका मारल्या. एका पांढऱ्या अस्वलापुढे श्वास रोखून उभा राहिलो; बऱ्याच वेळाने तो दगड निघाला. दूर बंदुकीचा आवाज आला. मी त्या दिशेने धावलो, दुसरा आवाज पाठीमागून आला. सुजाता तिथे एकटी असेल, हे मला तेव्हा कुठे सुचलं. मी ओल्या शेवाळावर बसलो आणि अखेर हललो नाही.

किती वेळाने कोण जाणे, मार्था धुक्यातून आली. जमिनीकडे बघत, माझ्या बुटांचे ठसे वाचत.

“एकाच तळ्याला तीन फेऱ्या मारल्यास,” ती म्हणाली. माझ्या कमरेला दोरी बांधली आणि घेऊन गेली.

सुजाता फोर-व्हीलरवर उभी होती, बंदूक छातीशी धरून. मला दिशा कळावी म्हणून मार्थाने तिला बार काढायला शिकवलं होतं आणि स्वतः रिकाम्या हातांनी माझ्या मागे आली होती. सुजाताने मला पाहिलं, बंदूक मार्थाला परत दिली आणि रडली. परतताना ती मार्थाच्या मागे बसली.

किचनरला परतल्यावर मराठी मंडळाच्या बैठकीत मी फोटो दाखवले. मूळ रहिवाशांची साक्ष साहेबांनी कशी झिडकारली, हे आवेशात सांगितलं. माझ्या आजोबांनी शेताची हद्द सांगितली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने मानही वर केली नव्हती, तेही जोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या खुर्चीवरून सुजाता म्हणाली, “आता तुझं सांग.”

मग सांगावं लागलं. निळं आकाश, दोन अ‍ॅप, दहा मिनिटं, सगळं. लोक हसले, मीही हसलो. ब्रॅम्पटनहून आलेल्या कांबळेकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पण आकाश निळं होतं, तर त्या बाईंना धुकं कळलं कशावरून?”

धुक्यातून सुटल्यावर आम्ही आणखी तीन दिवस तिच्या घरी जेवलो होतो.

मी विचारलंच नव्हतं.