टपावरच्या गाद्या

सासूबाईंच्या खुब्यात प्लेट बसवून वीसच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर परत उभ्या राहणं कठीण. कारमध्ये त्यांना बसवेना, म्हणून पुदुच्चेरीजवळच्या त्यांच्या घरून चेन्नईत अड्यारला, आमच्या फ्लॅटवर आणायला पलंग असलेली कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. चालवायला मीच. नवरा स्कूटरच्या पुढे गेलेला नाही आणि मी गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करते, तेव्हा तोराही माझाच.

त्यांना आपल्या विहिरीचं पाणी बरोबर हवं होतं. आदल्या दिवशी मी कडाडले होते, "चेन्नईत काय पाणी मिळत नाही? विहीर कसली नेताय बरोबर!" सकाळी टपावर ताडपत्री बांधलेली दिसली.

"काय रे ते?"

"गाद्या आहेत," नवरा म्हणाला. "हलक्याच."

मरक्काणमची मिठागरं लागली आणि उजवीकडून समुद्राचा वारा सुटला. आडोशाला एक झाड नाही. गाडी नऊ फूट उंच, बाजूने नुसती भिंत; झोत आला की डावीकडे सरकायची. मी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं होतं. तेवढ्यात एक बस शेजारून पुढे जायला लागली, वारा अडला आणि आम्ही थेट बसच्या अंगावर! कशीबशी सावरली, तोवर बस पुढे गेली आणि वाऱ्याने थाडकन पुन्हा डावीकडे लोटलं. सासूबाईंना पलंगाशी बांधलेला पट्टा करकरला. आरशात बघितलं, तर सासूबाई टक्क उघड्या डोळ्यांनी टपाकडे बघत होत्या.

वेग चाळीसवर आणला. तरी गाडी एकदा कलली की सरळ व्हायला नको इतका वेळ घ्यायची. टपावर वजन नसलेली गाडी अशी वागत नाही, एवढं मला कळतं.

"गाद्यांनी एवढी डुलते होय रे?"

नवरा समोरच बघत बसला. कानाच्या पाळ्या लालबुंद. पुढे खाडीवरचा पूल दिसायला लागला होता.

मागून सासूबाई म्हणाल्या, "पोरी, थांबव. वर पाणी आहे. सहा कॅन. आपल्या विहिरीचं."

एकेक कॅन वीस लिटरचा! मी शहाळ्याच्या टपरीपाशी गाडी घेतली. नवऱ्याने आणि शहाळेवाल्याने कॅन उतरवून आत, पलंगाच्या खाली घट्ट बसवले.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू ओरडली असतीस."

"अरे, आई झोपल्यात आत! गाडी उलटली असती म्हणजे? त्यांचा खुबा—" मी रस्त्यावर उभी राहून ओरडतच होते. दार उघडं होतं. आत सासूबाईंनी पट्टा दोन्ही हातांनी आवळला होता आणि डोळे गच्च मिटले होते. एवढ्या वाऱ्यात मिटले नव्हते त्यांनी.

पुढचं वाक्य मी गिळलं. पूल रांगत पार केला.

सासूबाई सुखरूप घरी पोचल्या. आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतात. माझा आवाज चढायला लागला की मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघते.