गाळलेलं तेल

माझा धाकटा भाऊ उखर्डू स्वस्थ बसलेला मी जन्मात एकदाच पाहिला. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं अन् उचलून आणलं, नावही तेच ठेवलं. ते उकिरड्याचे खडे टोचल्यासारखा हा जन्मभर उभाच. घास हातात घेऊन दाराशी जाईल. का, तर इंजिन ऐकायला! शिरपूरला गिरधरशेठचं कापसातली सरकी काढायचं जिन होतं, तिथे इंजिनवर हा फिटर. आम्हा दोघा भावंडांचं घर मागच्याच गल्लीत. तिकडे ठोका चुकला की इकडे याचा घास अडायचा.

रोज सकाळी इंजिनातलं तेल अंगठ्यावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळायचं, ही त्याची सवय. छप्पन साली ऐन हंगामात एक दिवस तोंड उतरवून घरी आला.

"अक्का, तेल कचकच लागस. बेअरिंग झिजी ऱ्हायनं. इंजिनना दांडा तुटी गया ते सुपडू जागवरच जाई."

सुपडू म्हणजे इंजिनाशेजारी उभा राहून तेल घालणारा गडी. चार लेकरांचा बाप.

शेठला सांगितलं, तर शेठ उखडला. "हंगामात आठ दिवस इंजिन उघडून ठेवू? तुझ्या दोन बोटांच्या भरवशावर?"

धुळ्याचा तेलाचा एजंट तिथेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, आमच्या कंपनीची मुंबईला प्रयोगशाळा आहे, वापरलेलं तेल बाटलीतून पाठवा, इंजिनात काय झिजतंय ते कागदावर लिहून येतं.

"ठीक," शेठ म्हणाला. "कागदात खोट निघाली तर त्याच क्षणी इंजिन बंद. नाही निघाली तर उखर्डू, किल्ल्या ठेव अन् दुसरीकडे बघ. रोजची भुणभुण नको मला."

हा 'हो' म्हणून आला. "हात दाखवून अवलक्षण!" मी म्हटलं. पण माझं ऐकतो कोण!

दुपारी पत्र्याच्या डब्यात तेल घेऊन आला. औषधाची रिकामी बाटली माझ्याकडे होती, डोसाच्या कागदी खुणांची. "धुई, वाळाडी, भर अन् बूच लाव," एवढं बोलून पळाला. दोन घटका थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

मी तेल पाहिलं. शी! काळंकुट्ट. शेजारी वाटीभर शेंगदाण्याचं तेल द्यायचं तरी आमच्या घरून न गाळता जात नाही. हे तर मुंबईच्या साहेबांकडे चाललेलं! काय म्हणतील, उखर्डूच्या घरात बाईमाणूस आहे की नाही? जुन्या धोतराचं मऊ फडकं दुहेरी केलं अन् दोनदा गाळलं. बाटली भरून बुचाला लाख लावली. तेलकट फडकं वाया कशाला घालवायचं म्हणून चुलीजवळच्या कोनाड्यात खोचून ठेवलं.

मग वीस दिवस या माणसाने माझा जीव नकोसा केला. उभ्याने भाकर खायची, मागच्या भिंतीला तळवा लावून इंजिनाची थरथर पाहायची, रोज पोस्टात खेटा घालायचा. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा.

कागद आला. शेठने सगळ्यांदेखत वाचला. धातूचे कण नाहीत, तेल वापरण्याजोगं आहे.

उखर्डूने किल्ल्या ठेवल्या, घरी आला आणि ओट्यावर बसला. दोन दिवस बसूनच. इंजिन चालू होतं, त्याने मान वर केली नाही. अंगठा अन् बोट एकमेकांना लागू दिलं नाही. मला भीती वाटायला लागली.

"कण म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"पिठी. चांदीगत चमकस."

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक घेऊन धुळ्याच्या एस.टी.ला गेला. इकडे माझी चूल पेटेना. मी पेटवायला कोनाड्यातलं फडकं ओढलं, काही चमकलं म्हणून दारातल्या उन्हात धरलं. फडकंभर राखाडी पिठी चमचम करत होती. भावाचा खरेपणा मीच गाळून चुलीपाशी ठेवला होता!

अनवाणी पळाले. जिनातल्या पेढीवर गेले अन् शेठच्या पांढऱ्या गादीवर फडकं पसरलं.

"अहो बाई, गादी!" कारकून ओरडला.

"गादी धुता येते, मेल्या! माणूस गेला तर आणशील का?" मी सगळं सांगून टाकलं. "मीच गाळलं शेठ. चूक माझी. इंजिन थांबवा."

शेठने फडक्यावरची पिठी अंगठ्यावर घेतली, बोटाने चोळली. परत चोळली. मग स्वतःच ओरडत धावला, "बंद करा! इंजिन बंद!"

शिरपुरात एकदम शांत झालं. स्टँडवर एस.टी. सुटत होती. ठोका थांबलेला ऐकून उखर्डूने खाली उडी मारली, टपावरची ट्रंक तशीच सोडली अन् धापा टाकत जिनात आला.

"सुपडू कोठे शे? कोणले लागनं?"

सुपडू समोरच उभा होता, धडधाकट. हा पोचेपर्यंत इंजिनाचं झाकण उघडून झालं होतं, बेअरिंगच्या आतलं शिशाचं अस्तर निम्मं झिजून गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. शेठने किल्ल्या पुढे केल्या. याने त्या घेतल्या नाहीत. माझ्या हातातलं फडकं घेतलं, त्यावर अंगठा घासला, अन् लहानपणी विचारायचा तसं मला विचारलं,

"मना हात खोटा नही ना, अक्का?"

"नही रे भाऊ," मी म्हटलं, आणि सगळ्या जिनासमोर हमसून रडले.